बीळ सांगते उंदराचे कूळ



बांधावरचे बीळ पाहून "हे घुशीचे, हे बारक्या उंदराचे" असे आपण झटकन सांगतो. भोक केवढे, तोंडाशी माती किती, यावरून आत राहणारा कोण ते कळते. मग बिळाच्या घडणीवरून उंदरांच्या जातींचे आपसातले नातेही कळेल का?

पूर्वी प्राण्यांची कुळी लावायची ती दात, कवटी आणि हाडे पाहून. १८९८ साली अमेरिकेतील चार्ल्स व्हिटमन यांनी मांडले, की उपजत सवयीसुद्धा अवयवांप्रमाणेच वंशपरंपरेने आलेल्या समजून तपासाव्यात. पुढे १९४१ मध्ये कोनराड लोरेन्झ यांनी बदकांच्या अनेक जातींच्या हालचाली ताडून पाहिल्या आणि त्यांवरून नाती जुळवली. १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत ते होते.

आता तुम्ही म्हणाल, बीळ उकरणे पिल्लू आईकडून शिकत असेल. त्यात रक्ताचा काय संबंध? याचा निवाडा अमेरिकेतल्या दोन रानउंदरांनी दिला. एक जात आखूड, साधे बीळ करते. तिची सख्खी भाऊबंद असलेली दुसरी जात लांब बोगदा खणते, शिवाय मागच्या बाजूने पळवाट काढते. ही पळवाट जमिनीच्या जरा खाली येऊन थांबते. साप आत शिरला, की उंदीर वरची माती फोडून पसार!

प्रयोगशाळेत जन्मलेल्या, कधी मातीही न पाहिलेल्या उंदरांनी आपापल्या जातीचेच बीळ खणले. आपण बियाण्यात करतो तसा मग या दोन जातींचा संकर केला. संकरित पिल्लांची बिळे लांब निघाली, पळवाटेसकट. हार्वर्ड विद्यापीठात बिळांत फेस ओतून साचे काढले आणि मोजमाप केले. २०१३ साली निष्कर्ष आला: बोगद्याच्या लांबीमागे आनुवंशिक द्रव्याचे तीन भाग आहेत, पळवाटेमागे वेगळा एक. म्हणजे बीळ रक्तातच असते.

तरी घाईने सोयरीक जुळवू नये. वरच्या दोन जाती जवळच्या, पण बिळे वेगळी. लांब बीळ ही त्या कुळातली अलीकडची भर आहे, असे इतर जातींशी ताडल्यावर दिसले. याच्या उलट, आपल्या दख्खनमधला एक काटेरी केसांचा उंदीर बिळाच्या तोंडाशी बारीक खडे जमवतो, आणि ऑस्ट्रेलियातले काही उंदीरही खड्यांचे ढीग रचतात. पण त्यांची कुळे निराळी. थोडक्यात, घर वेगळे म्हणून घराणे वेगळे नव्हे, आणि घर सारखे म्हणून घराणे एक नव्हे. सवय, हाडे आणि आनुवंशिक द्रव्य या तिन्ही साक्षी जुळल्या, तरच नाते पक्के धरावे.

आपल्यासाठी यातला धडा सोपा आहे. उंदीर रात्री फिरतो, दिसत नाही. बीळ मात्र दिवसाढवळ्या बोलते. ताज्या मातीचा ढीग आणि मातीने बुजवलेले तोंड दिसले, तर घुशीच्या कुळातला, धान्य साठवणारा उंदीर असण्याचा संभव मोठा. म्हणून औषधाला हात घालण्याआधी संध्याकाळी सगळी बिळे बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती नांदती समजा आणि उपाय तेवढ्यांवरच करा. औषध वाया जाणार नाही, पीकही वाचेल.