ध्यान, स्मरणशक्ती आणि अमळनेरचे गुणे मास्तर

"डॉक्टर, रोज ध्यान केलं तर म्हातारपणी विसरण्याचा आजार टळतो का?" पन्नाशी ओलांडलेले बरेच रुग्ण हे विचारतात. उत्तराआधी थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्याच जिल्ह्यातून जातो.

जगन्नाथ गणेश गुणे १९१६ पासून १९२३ पर्यंत अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवत होते. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. पुढे तेच स्वामी कुवलयानंद. १९१९ मध्ये नर्मदाकाठी मालसरला त्यांना परमहंस माधवदासजी गुरू लाभले. पण गुरूंनी सांगितलं म्हणजे सिद्ध झालं, असं त्यांनी मानलं नाही. बडोद्याच्या दवाखान्यात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक्स-रे काढून घेतले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे मोजून दाखवलं. शंभर वर्षांपूर्वी योगी आणि यंत्र एका खोलीत आणणं सोपं नव्हतं! १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं, 'योग मीमांसा' नियतकालिक निघालं.

मेंदूची पाळी नंतर आली. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधील आनंद, छिना आणि सिंग यांनी योग्यांच्या ईईजीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ध्यानात अल्फा लहरी ठळक होत्या. मोठा आवाज केला तरी त्या तुटल्या नाहीत.

पण लहरी बदलणं वेगळं, स्मरणशक्ती टिकणं वेगळं. २०२२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५ ते ८४ वयाचे ५८५ लोक, कुणी ध्यान, कुणी व्यायाम, कुणी दोन्ही, दीड वर्ष. स्मरणशक्तीत लक्षणीय फरक पडला नाही.

मग ध्यान सोडायचं? मुळीच नाही. ताण, चिंता, उडालेली झोप यांवर त्याचा उपयोग होतो. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, कारण ठेवताना लक्षच नव्हतं, अशांना तर नक्कीच. माझी हरकत फक्त ध्यान सुरू केलं म्हणून बीपीची गोळी बंद करणाऱ्यांना आहे. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी ऐकू येणं, एकटेपणा अशी १४ कारणं सांभाळली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकेल.

तेव्हा सकाळी ध्यानाला जरूर बसा. विसरणं वाढलं असेल तर बीपी, साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, शाकाहारी असाल तर बी-१२ आधी. टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटत असेल, तर कानही.