भाकरीची कोर आणि दाढेचा कोर

अनमोड घाटाने बेळगावला जाताना खानापूर मागे पडले की शहराच्या अलीकडे मच्छे लागते. इथे औद्योगिक वसाहत आहे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे आणि आमचा मामा आहे. मामाचे नाव मुद्दाम शेवटी घेतले, कारण हा लेख त्याच्या दाढेमुळे सुचला.

मामाने सारी हयात फाउंड्रीत काढली. काही वर्षांपूर्वी त्याने एका दाढेचे रूट कॅनाल करून वर कॅप बसवून घेतली होती. एके दिवशी भाकरीची कोर चावताना ती कॅप निघून हातात आली. आत दाताचा मोडका बुंधा आणि बाकी नुसते सिमेंट. मामा म्हणाला, "वर चकचकीत, आत पोकळ. असलं कास्टिंग आम्ही भंगारात टाकतो."

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले, "काका, आधी कोर भरायला हवा, मग कॅप." मामाला हसू आले. फाउंड्रीत कोर म्हणजे वाळूचा गाभा. साच्यात ठेवायचा, भोवती लोखंड ओतायचे आणि शेवटी फोडून काढायचा. त्याच्या जागी पोकळी उरते. दाताचे नेमके उलटे. तिथे कोर पोकळी भरून काढतो आणि कायमचा आत राहतो.

घरी परतल्यावर मी या विषयाचे वाचन सुरू केले. कृत्रिम दाताचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्याच्या खालच्या आधाराचा इतिहास, हे तेव्हा कळले. फ्रान्सच्या पिएर फोशार याने १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. मुळाच्या पोकळीत सोन्याची वा चांदीची खुंटी बसवून तिच्यावर दात चढवायची रीत त्यात आहे. असे दात पंधरा-वीस वर्षे टिकतात, असा त्याचा दावा होता. पुढे लोकांनी लाकडी खुंट्या वापरल्या. लाळेने लाकूड फुगायचे, आधी दात घट्ट बसायचा आणि मग मूळच तडकायचे! पावसाळ्यात फुगलेले दार ज्याने ओढले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. १८८० च्या सुमारास आलेल्या रिचमंड क्राऊनमध्ये खुंटी आणि दात एकसंध होते. ते मजबूत खरे, पण वरचा दात बदलायचा तर मुळातली खुंटीही उपटावी लागे.

१९०७ साली अमेरिकेच्या विल्यम टॅगर्टने मेणाचा नमुना करून, मेण वितळवून, त्या जागी सोने ओतण्याची पद्धत दंतवैद्यकात रूढ केली. आपल्याकडचे मूर्तिकार शतकानुशतके हेच करत आले आहेत. मामाला हे सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "म्हणजे आमचाच धंदा." यातूनच खुंटी-कोर वेगळा ओतून त्यावर स्वतंत्र कॅप बसवण्याची वाट सापडली. पुढे १९५५ मध्ये बुओनोकोरने आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर रेझिन चिकटवून दाखवले. १९६२ मध्ये बोवेनचे नवे रेझिन आले. आज दवाखान्यात निळ्या दिव्याखाली घट्ट होणारा कोर त्याच घराण्यातला.

मला सर्वांत नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. खुंटीने मूळ मजबूत होते, असा समज फार काळ होता. खुंटी फक्त कोर धरून ठेवते. कॅप टिकते ती मुख्यतः कोराच्या खाली उरलेल्या स्वतःच्या दातावर, साधारण दीड-दोन मिलिमीटरच्या भिंतीवर. कॅपची कड त्या भिंतीला चहूबाजूंनी कवटाळते, पटाशीच्या मुठीवरचे लोखंडी कडे लाकूड फाटू देत नाही तसे. म्हणूनच दात पूर्ण झिजून हिरडीला टेकेपर्यंत थांबणे परवडत नाही.

मामाच्या दाढेची भिंत एका बाजूला कमी होती. तिथली हिरडी आणि थोडे हाड खाली घेऊन डॉक्टरांनी ती मोकळी केली. ती जखम भरेपर्यंत मामा पेजेवर राहिला. मग खुंटी, कोर आणि शेवटी कॅप. जुनी कॅप त्याने तपकिरीच्या रिकाम्या डबीत जपून ठेवली आहे आणि आल्यागेल्याला दाखवतो.