कच्चं मडकं: तेरच्या अंगणातली एक परीक्षा

ज्यांचं लोकलमध्ये हेडफोन विसरलं त्यांच्यासाठी हा भाग लिहूनही टाकतोय.

सुरुवात माझ्यापासून. फेब्रुवारीत आमच्या टीमचा रिव्ह्यू होता. सगळ्यांसमोर मला सांगितलं गेलं, "सिनियर रोलसाठी तू अजून तयार नाहीस." त्या रात्री साडेअकराला राजीनाम्याचा मेल लिहून झाला. बोट 'सेंड'वर होतं. आई पलीकडून म्हणाली, "शनिवारी तेरला जायचंय ना, आधी झोप." मेल ड्राफ्टमध्येच राहिला.

तेर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेरणाकाठचं गाव. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात 'तगर' नावाचं एक मोठं शहर येतं, पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचं. तिथलं कापड गाड्यांवरून भडोचला जायचं. ते तगर म्हणजे हेच तेर. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय गावातच आहे. तिथल्या सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या बघताना वेळेचं भान राहत नाही. दोन हजार वर्षं इथे कुणी ना कुणी माती मळत आलंय.

त्यातलाच एक, गोरा कुंभार. परंपरेप्रमाणे जन्म १२६७ चा. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यात वयाने मोठा, म्हणून सगळ्यांचा गोरोबाकाका.

गोष्ट अशी सांगतात. काकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईचं लक्ष कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेलं. हे कशाला? काका म्हणाले, मडकं पक्कं भाजलंय की कच्चं राहिलंय ते याने वाजवून कळतं. मुक्ताबाई म्हणाली, मग आमची पण मडकी तपासा की! काकांनी खरंच थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. काकांचा निकाल तिथल्या तिथे लागला: हे मडकं कच्चं.

(भाजलेलं मडकं वाजवलं की खणखणतं, कच्चं बद्द बोलतं. कुंभाराच्या दारात उभं राहून ऐकून बघा.)

आता इथे नामदेवांच्या जागी बसा. ज्याच्या हातचं विठ्ठल जेवतो असं अख्खं पंढरपूर म्हणतं, त्याला चारचौघांत कच्चा म्हणायचं! चिडलेला माणूस काय करेल? भांडेल, संगत सोडेल, आजच्या काळात लांबलचक पोस्ट टाकेल. नामदेव उठले ते थेट पंढरपूरला गेले आणि राग जसाच्या तसा विठ्ठलापुढे मांडला. अपेक्षा उघड होती, देव आपली बाजू घेणार. देव म्हणाला, गोरोबा बरोबर आहे. तुला गुरू नाही. विसोबा खेचरांकडे जा.

मला या कथेत सगळ्यात अवघड वाटतो तो पंढरपूर ते औंढा नागनाथ हा रस्ता. आज औंढा हिंगोली जिल्ह्यात येतं, तेव्हा चालत कित्येक दिवसांची वाट. तेवढे दिवस 'मी कच्चा आहे' हे डोक्यात घेऊन चालायचं! आणि शेवटी दिसलं काय, तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेवांनी टोकलं. तो म्हणाला, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय जिथे ठेवावेत तिथे पिंड.

पुढे हेच नामदेव पंजाबात गेले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

इतिहास म्हणून विचाराल तर हात राखून सांगतो. आपण ऐकतो ती रूपं बरीचशी महिपतींच्या 'भक्तविजय'मधून आली. तो ग्रंथ १७६२ चा, म्हणजे मधे साडेचारशेहून जास्त वर्षं. त्यामुळे तेरच्या अंगणात नेमकं काय घडलं याचा हा कागदी पुरावा नव्हे. पण इतक्या पिढ्यांनी आपल्या लाडक्या नामदेवाला कच्चा ठरवणारी गोष्ट टाकून दिली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि परीक्षा घेणारे काका? भजनाच्या नादात माती तुडवताना पोटचं लेकरू पायाखाली गेलं. बायकोने आक्रोश केला तर तिच्यावरच धावून गेले. तिने विठ्ठलाची शपथ घातली, मला शिवू नका. पुढे त्या शपथेपायी त्यांनी स्वतःचे हात तोडले, असं कथा सांगते. देवाने हात परत दिले यावर कीर्तनात टाळ्या पडतात. मला मात्र त्या बाईचं नाव संती होतं एवढंच आठवत राहतं. काकांना कच्चेपणा ओळखता आला तो दुसऱ्याच्या मडक्यावरून शिकून नव्हे, असा माझा अंदाज.

तेरच्या मंदिरात मी पण विचारलं. माझ्याशी कुणी बोललं नाही, खोटं कशाला सांगू. पण परतताना एसटीत एकच नाव डोक्यात येत होतं: मला कोड शिकवणारे, आता निवृत्त झालेले एक सर. तीन वर्षं त्यांना फोन टाळत होतो, कारण ते खरं बोलतात.

केला फोन. पाऊण तास बोलले. म्हणाले, "काम चांगलं करतोस, पण दुसऱ्याचं ऐकून घेत नाहीस. हे तुला कॉलेजातही सांगितलं होतं."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आईने समोरून नुसतं माझ्याकडे बघितलं.