जुन्या रॉक कॉन्सर्टवर '४के' लिहिलंय? आधी हे तपासा
जुन्या रॉक कॉन्सर्टची फिल्म '४के' म्हणून विकत किंवा भाड्याने मिळत असेल, तर पैसे भरण्याआधी मी एकच गोष्ट बघतो: मूळ शूटिंग कशावर झालंय?

टॉकिंग हेड्स या बँडची 'स्टॉप मेकिंग सेन्स' डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरमध्ये ३५ एमएम फिल्मवर शूट झाली. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये भरपूर बारकावे असतात. म्हणून २०२३ ची ४के आवृत्ती खरंच जास्त स्पष्ट दिसते. याउलट, १९८५ चा लंडनचा 'लाइव्ह एड' टीव्हीसाठी व्हिडिओवर रेकॉर्ड झाला. त्यात दिसणाऱ्या ओळी फक्त ५७६, आणि ४के ला लागतात २१६०. मधल्या ओळी सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. यालाच अपस्केलिंग म्हणतात.

आवाजाचंही तसंच. वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड असतील, तर ५.१ किंवा ॲटमॉस मिक्स नीट बनतो.

फोनवर बघताय? ड्रमवर काठी पडते त्याच क्षणी आवाज येतोय का बघा. उशिरा येत असेल तर ब्लूटूथ काढून वायरचे इअरफोन लावा. छोट्या स्क्रीनवर १०८०पी पुरतं, डेटाही वाचतो. माझ्या रिव्ह्यूमध्ये म्हणूनच आवाजाला आधी मार्क, पिक्चरला नंतर.