आजोबांचा जुना कोट घट्ट होतोय? कात्री लावण्याआधी हे वाचा

लग्नसराई आली की ट्रंकेतले जुने कोट बाहेर येतात. आजोबांचा लोकरी कोट घालून फोटो टाकायचा बेत ठरतो आणि बाही दंडावरच अडकते. मग थेट टेलर गाठला जातो. पण कोट सैल करणं म्हणजे पँटची कंबर वाढवणं नव्हे, आणि कापलेलं कापड पुन्हा पूर्वीसारखं होत नाही.

कोट खरंच लहान आहे का?

बटण लावून आरशासमोर हात सोडून उभे राहा. बटणापासून चारी बाजूंना चुण्या ओढल्या जात असतील तर पोटाला किंवा छातीला कापड कमी आहे. पाठीवर आडवा ताण दिसत असेल तर पाठ अपुरी आहे. फक्त काखेतच काचत असेल, तर कदाचित दोष आपल्या सवयीचा. जुन्या शिवणीत मुंढा काखेला बऱ्यापैकी लागून असायचा, आणि आपण आयुष्य काढलंय टी-शर्टमध्ये! ‘मुंढा खोल करून देतो’ असं टेलर म्हणाला तर घाई करू नका. मुंढा खाली उतरला की हात वर करताना अख्खा कोट वर चढतो.

खांदाच अरुंद असेल, तर विषय तिथेच सोडा. खांदा रुंद करणं म्हणजे जवळपास नवा कोट शिवणं.

माया किती सोडली आहे?

अस्तर खालच्या बाजूने थोडं उसवून पाठीची मधली शिवण आणि बाजूच्या शिवणी बघा. मापाने शिवलेल्या कोटात तिथे बरेचदा जास्तीचं कापड सोडलेलं असतं. शिवणीच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच निघाला तर एका शिवणीत १ इंच मिळतो. मात्र सगळी माया संपवू नका, काठाजवळ घातलेली शिवण ताण आला की सुटते. पुढच्या भागाला शक्यतो हात लावू नये. तिथे आत कॅनव्हास असतं, वर खिसे आणि काजं.

आणखी एक अडचण. माया उलगडली की आतलं न विटलेलं कापड बाहेर येतं आणि जुन्या शिवणीची रेघ दिसते. लोकरीवर वाफेने ती बरीच कमी होते. रेशीम आणि मखमलीवर सुईची भोकं राहतात. जरीकाम असेल तर नाहीच.

माया नसेल तर मिळत्याजुळत्या कापडाची कळी बाजूच्या शिवणीत जोडता येते. यात कमीपणा काही नाही. १८व्या शतकातल्या युरोपात कापड शिलाईपेक्षा कितीतरी महाग होतं, त्यामुळे कोट उसवून पुन्हा बेतणं नेहमीचं होतं. संग्रहालयांतल्या कोटांवर त्या खुणा आजही सापडतात.

मग संग्रहालयं जुने कपडे घालू का देत नाहीत?

मे २०२२मध्ये किम कार्दाशियनने मेट गालाला मर्लिन मन्रोचा १९६२चा ड्रेस घातला. त्यासाठी तिने सुमारे ७ किलो वजन घटवलं, तरी पाठीमागे तो बंद झाला नाही. पायऱ्या चढून झाल्यावर तिने त्याची नक्कल घातली. त्यानंतर ‘आयकॉम’ या संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वेशभूषा समितीने ऐतिहासिक कपडे कुणीच अंगावर घालू नयेत, असं जाहीरपणे सांगितलं. घाम, ताण आणि उजेड यांनी धागा कमजोर होतो, आणि तो सैल करून पूर्वीसारखा होत नाही.

घरातला कोट म्हणजे संग्रहालयातली वस्तू नव्हे, तो वापरायलाच असतो, असं माझं मत. पण कापड हाताने हलकंच ताणल्यावर विरत असेल, किंवा कोट शंभरेक वर्षांचा असेल, तर त्याच्या मापावरून नवा शिवून घ्या.

आणि उसवायचंच ठरलं, तर आधी प्रत्येक शिवणीचा फोटो काढा. नवी शिवण हाताने, सहज निघेल अशी घालायला सांगा. वाढीव कापड कापू देऊ नका. निघालेली बटणं आणि जुन्या दोऱ्याचा तुकडा पुडीत बांधून कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.