नागपूरची मध्यरात्र आणि टपालाची थैली

टपाल पोचवणाऱ्याला पत्रात काय लिहिले आहे हे कळण्याची गरज नसते. पत्र कोठून आले, कोठे जायचे आणि या घटकेला ते कोणाच्या ताब्यात आहे, एवढे त्याला अचूक कळले म्हणजे पुरे. गोष्ट साधी वाटते. पण ती नीट समजायला आपणांस नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जावे लागेल, आणि तेही मध्यरात्री.

स्वातंत्र्याला दोन वर्षेही झाली नव्हती. रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, ३० जानेवारी १९४९ रोजी, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून विमाने रात्री निघत आणि नागपुरास एकत्र येत. येथे थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत चारही शहरांचे टपाल एकमेकांकडे पोचे. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून देशातली साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली.

नागपूरच का, असे आपण विचाराल. गाव देशाच्या मध्यावर, हे एक कारण झाले. दुसरे कारण साध्या हिशेबाचे आहे. चार शहरे एकमेकांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये एक ठिकाण धरले तर चारच पुरतात. पुढे १९७३ साली अमेरिकेत मेम्फिस येथे फेडेक्स कंपनीने रात्रीची पार्सले एका ठिकाणी आणून वाटण्याचा उद्योग मांडला. आपल्या टपालखात्याने तीच रीत चोवीस वर्षे आधी चालवून दाखवली होती.

परंतु या सोयीची किंमतही मोजावी लागली. १२ डिसेंबर १९५३ रोजी मद्रासकडे निघालेले टपाल-विमान नागपुरातून उडताच कोसळले. त्यातले तेरा जण दगावले. वैमानिक तेवढा वाचला. लोकसभेचे सदस्य आणि कामगार पुढारी हरिहरनाथ शास्त्री हेही त्यात गेले. सकाळी दारात पडणाऱ्या पत्रामागे अशा रात्री होत्या, हे विसरून चालणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मुंबईहून आलेली कलकत्त्याची थैली येथे कोणी उघडत नसे. तिच्यावरची चिठ्ठी वाचायची, मोहोर शाबूत आहे ना ते पाहायचे, यादीशी ताडून घ्यायचे आणि थैली पुढे द्यायची. घेणाऱ्याने ‘पोचली’ म्हणेपर्यंत देणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही, हा टपालाचा जुना दंडक. पत्ता जितका नेमका, तितके काम बिनचूक. कोकणातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी योजलेला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला, तो याच गरजेतून. ४४०००१ म्हटले की भाषा कोणतीही असो, थैली नागपूरलाच येणार.

विमानांची ती मध्यरात्रीची भेट आता इतिहासजमा झाली. आज आपली पत्रे ईमेलने जातात, आणि ती या फोल्डरातून त्या फोल्डरात हलवण्याचे काम आपण एआय एजंटांवर, म्हणजे यंत्राच्या कारकुनांवर, सोपवू लागलो आहोत. या कारकुनाला अनुभवी सॉर्टर शेजारी बसून शिकवत नाही. साधनासोबत जो मजकूर लिहून ठेवलेला असेल, तोच त्याचा गुरू. तेव्हा हा मजकूर लिहिणाऱ्याने सोनेगावची थैली डोळ्यांपुढे ठेवावी.

पहिले म्हणजे, ‘हलवणे’, ‘नक्कल करणे’ आणि ‘पुसणे’ ही तीन निरनिराळी कामे आहेत, हे स्वच्छ लिहावे. ईमेलसाठी आयमॅप नावाची जी रीत वापरतात, तीत पूर्वी हलवण्याची वेगळी आज्ञाच नव्हती. आधी नक्कल करायची, मग मूळ पत्रावर खूण करून ते पुसायचे. मध्येच तार तुटली की एका पत्राची दोन पत्रे होत. आणि नक्कल पोचण्याआधीच मूळ पुसले गेले तर पत्रच नाहीसे! २०१३ साली हलवण्याची एकसंध आज्ञा त्या रीतीला जोडली गेली. दुसरे, पत्र नव्या फोल्डरात गेले की त्याचा क्रमांक बदलतो. म्हणून साधनाने नवा क्रमांक पोचपावतीसारखा परत द्यावा. नाहीतर कारकून जुन्याच क्रमांकाने पत्र शोधत बसेल. तिसरे, सांगितलेला फोल्डर सापडला नाही तर काय करायचे, तेही लिहावे. नवा उघडायचा की थांबून विचारायचे? मौन बाळगले तर यंत्र अंदाज बांधते, आणि अंदाजाने टपाल चालत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पत्रातच कोणी लिहिले की, ‘या पेटीतली सगळी पत्रे अमक्याकडे पाठवा’, तर? टपालाचा हमाल ते वाचत नसे, म्हणून फसतही नसे. हा नवा कारकून मात्र पत्र वाचतो, आणि वाचलेले हुकूम म्हणून मानण्याचा धोका त्याला आहे. हुकूम मालकाचा, थैलीतला कागद हा माल आहे, हुकूम नव्हे, एवढे त्याला ठळकपणे बजावून ठेवले पाहिजे. आणि नुसत्या बजावण्यावर न विसंबता, मोठी हलवाहलव करण्यापूर्वी त्याने मालकाला विचारावे, अशी सोय साधनातच असावी.

साधने बदलली, थैली अदृश्य झाली. पण पत्राच्या दोन्ही टोकांना अजून माणसेच आहेत. कोणाची नेमणूक, कोणाचा निरोप, कोणाची ख्यालीखुशाली त्यात असते. ते ज्याच्या हाती सोपवायचे त्याला नीट लिहून सांगणे, एवढे तर आपल्या हातात आहे!