पटावरील युद्ध आणि कादंबरीतील इतिहास : 'वॉरहॅमर ४०,०००' विश्वातील युद्धकादंबऱ्यांचे ऐतिहासिक वाचन

प्रस्तावना :

युद्धेतिहासाचा अभ्यास दप्तरे, पत्रव्यवहार, रोजनिश्या आणि सरकारी अहवाल या साधनांच्या आधारे केला जातो. तथापि, युद्ध म्हणजे काय याविषयीची सामान्य वाचकाची कल्पना या साधनांतून क्वचितच घडते. ती घडते कथा-कादंबरी, चित्रपट आणि खेळ यांतून. पटावरील युद्धखेळाच्या काल्पनिक विश्वात घडणाऱ्या लष्करी विज्ञानकादंबऱ्या हा या दृष्टीने एक लक्षणीय वाङ्मयप्रकार होय. विद्यापीठीय चर्चेत तो सहसा करमणुकीच्या कप्प्यात टाकला जातो. या कादंबऱ्या भविष्यकाळाविषयी बोलत असल्या तरी त्यांचा कच्चा माल भूतकाळातील आहे. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने त्या कशा वाचाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

युद्धखेळाची परंपरा :

युद्ध पटावर मांडण्याची कल्पना भारतीयांना नवी नाही. चतुरंगातून विकसित झालेले बुद्धिबळ युरोपात पोहोचले आणि अठराव्या शतकात जर्मन प्रदेशात त्यापासून युद्धाभ्यासाचे खेळ तयार करण्याचे प्रयत्न झाले. १८१२ मध्ये राइसविट्झ यांनी प्रशियाच्या राजाला असा एक पट सादर केला. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम सुधारून प्रसिद्ध केले. नकाशा, फासे आणि निर्णय देणारा पंच यांचा त्यात समावेश होता. सेनाप्रमुख म्यूफलिंग यांच्या शिफारशीमुळे प्रशियाच्या सैन्यात तो रुजला.

हाच खेळ घरातील दिवाणखान्यात आणण्याचे श्रेय विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांच्याकडे जाते. त्यांचे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक १९१३ मध्ये, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाले. खेळातले युद्ध खऱ्या युद्धाचा फोलपणा दाखवून देते, अशी वेल्स यांची भूमिका होती. विज्ञानकथा आणि युद्धखेळ यांचे नाते असे शतकभराहून जुने आहे.

'वॉरहॅमर ४०,०००' ची निर्मिती :

गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये लंडन येथे स्थापन झाली. रिक प्रिस्टली यांनी रचलेला 'वॉरहॅमर ४०,०००' हा तिचा खेळ १९८७ मध्ये बाजारात आला. एक्केचाळिसाव्या सहस्रकातील मानवी साम्राज्य, दहा हजार वर्षे सिंहासनावर मृतवत् बसलेला सम्राट, धर्मांध नोकरशाही आणि कधीही न संपणारे युद्ध ही या विश्वाची चौकट होय. फॉकलंड युद्ध (१९८२), खाणकामगारांचा संप (१९८४-८५) आणि अण्वस्त्रांची भीती या पार्श्वभूमीवरील ब्रिटनमध्ये हे विश्व जन्मले. त्यातील साम्राज्य हा आदर्श नव्हे, तर हुकूमशाहीवरील कडवट उपरोध होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

या विश्वाच्या 'इतिहासा'वर बाजाराचा प्रभाव किती होता, याचे एक उदाहरण उद्बोधक आहे. १९८८ च्या 'ॲडेप्टस टायटॅनिकस' या खेळाच्या पेटीत दोन्ही बाजूंसाठी एकाच प्रकारची महायंत्रे देण्यात आली होती. एकसारखी यंत्रे एकमेकांविरुद्ध का लढतात, याचे कारण म्हणून यादवी युद्धाची कथा पुढे करण्यात आली. हेच पुढे 'होरस हेरेसी' म्हणून प्रसिद्धी पावलेले बंड होय. २००६ मधील 'होरस रायझिंग' पासून सुरू झालेल्या या कादंबरीमालेचे ५४ खंड २०१९ पर्यंत प्रसिद्ध झाले आणि तिचा अंतिम टप्पा २०२४ मध्ये पूर्ण झाला. साच्यातून निघालेल्या यंत्रांनी एका महाकथेला जन्म दिला, असे म्हणता येईल.

कादंबऱ्यांतील इतिहासाचे पडसाद :

डॅन ॲबनेट यांच्या 'फर्स्ट अँड ओन्ली' (१९९९) पासून 'गाँट्स घोस्ट्स' ही माला सुरू होते. टॅनिथ या ग्रहावर नवी पलटण उभी राहते त्याच दिवशी तो ग्रह नष्ट होतो. इब्राम गाँट हा अधिकारी ग्रहाबरोबर मरण्याऐवजी सैनिकांना बाहेर काढतो आणि त्यांच्याच रोषाचा धनी होतो. या पलटणीला नवी भरती देणारी भूमीच उरलेली नाही; म्हणून येथे प्रत्येक सैनिकाचा मृत्यू हा एका लोकसमूहाचा क्षय ठरतो. ब्रिटिश इतिहासात याचे साम्य सापडते. पहिल्या महायुद्धात एकाच गावातील मित्र व शेजारी यांच्या पलटणी उभारल्या गेल्या. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर ॲक्रिंग्टनच्या पलटणीतील सुमारे ७०० पैकी ५८० हून अधिक जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले. गावोगावच्या घरांवर एकाच वेळी कोसळलेल्या या दुःखाची छाया टॅनिथच्या कथेवर जाणवते.

याच मालेतील 'नेक्रोपोलिस' (२०००) या कादंबरीत एका प्रचंड औद्योगिक नगरीला वेढा पडतो. कामगार आणि नागरिक ढिगाऱ्यांतून शस्त्रे उचलतात व पुढे त्यांतील स्त्री-पुरुष पलटणीत सामील होतात. स्टालिनग्राडची आठवण येथे अपरिहार्य आहे. कमिसार हे पदही सोव्हिएत इतिहासातूनच आलेले आहे. १९१८ पासून लाल सैन्यात सेनाधिकाऱ्यांवर राजकीय देखरेख ठेवणारी ही व्यवस्था होती. या दुहेरी अधिकारामुळे अडचणी निर्माण झाल्याने ऑक्टोबर १९४२ मध्ये ती रद्द करण्यात आली. ॲबनेट यांनी गाँटला एकाच वेळी कमिसार आणि सेनानी केले आहे. दंड देणारा आणि सांभाळणारा हात एकच असल्यामुळे निर्माण होणारा नैतिक ताण हे या मालेचे खरे बळ होय.

साधनचिकित्सा आणि स्मरण :

इतिहासाच्या अध्यापकांना सर्वाधिक उपयुक्त ठरावी अशी माला सँडी मिचेल या टोपणनावाने लिहिणाऱ्या ॲलेक्स स्टुअर्ट यांची आहे. 'फॉर द एम्परर' (२००३) ही तिची पहिली कादंबरी. सायफास केन या वीर म्हणून गाजलेल्या कमिसारच्या या गुप्त आठवणी असून त्यांत तो स्वतःला भित्रा म्हणवतो. एक संपादिका या आठवणींना तळटिपा जोडते, इतर पक्षपाती साधनांतील उतारे मध्ये घालते आणि केनच्या आत्मनिंदेवरही शंका घेते. आत्मचरित्र, संपादन आणि परस्परविरोधी पुरावा यांचा हा पाठच होय. जॉर्ज मॅक्डोनल्ड फ्रेझर यांच्या फ्लॅशमन कादंबऱ्यांचा वारसा येथे स्पष्ट दिसतो. त्यांपैकी 'फ्लॅशमन इन द ग्रेट गेम' (१९७५) ही कादंबरी १८५७ च्या उठावावर असून तिच्यात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईही येतात. त्यामुळे मराठी वाचकाला ही परंपरा सर्वस्वी परकी वाटू नये.

'होरस रायझिंग' मध्ये स्वारीबरोबर पाठवलेले स्मरणकार भेटतात. कवी, चित्रकार, इतिवृत्तकार अशी ही मंडळी विजयांची नोंद करण्यासाठी नेमलेली आहेत. त्यांनी न पाहावे असे काही पाहिले, की ते सत्तेला नकोसे होतात. बेन काउंटर यांच्या 'गॅलेक्सी इन फ्लेम्स' (२००६) मध्ये बंडखोर होरसच्या आज्ञेने त्यांतील बहुतेकांची कत्तल होते. सत्तेच्या आश्रयाने लिहिणाऱ्या इतिहासकाराचे स्वातंत्र्य कोठवर, हा प्रश्न दूरच्या ताऱ्यांवर नेऊन विचारला असला तरी तो प्रत्येक काळातील आहे.

मर्यादा :

या वाङ्मयाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. हे विश्व एका कंपनीच्या मालकीचे आहे आणि पटावरील खेळ चालू राहण्यासाठी युद्धही चालू राहावे लागते. तह, पुनर्वसन, युद्धोत्तर समाज यांना येथे फारसे स्थान नाही. याशिवाय, नियमपुस्तकातील उपरोध दुरून दिसतो. कादंबरीत मात्र वाचक सैनिकाच्या मनात शिरतो आणि त्याच्या निष्ठेशी समरस होतो. परिणामी हुकूमशाहीची चेष्टा कधी तिच्या गौरवाकडे झुकते, हे कळतही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये गेम्स वर्कशॉपला जाहीर निवेदन काढून, आपले साम्राज्य हा उपरोध असून द्वेषाला या छंदात थारा नाही, असे सांगावे लागले. उपरोध समजावून सांगण्याची वेळ यावी, यातच त्याचे अपयश काही अंशी सूचित होते.

निष्कर्ष :

या कादंबऱ्या युद्धाची साधने नाहीत. समाज युद्ध कसे स्मरतो याची मात्र त्या महत्त्वाची साधने आहेत. सोम, स्टालिनग्राड आणि कमिसार यांच्या स्मृती कारणांपासून सुटून केवळ प्रतिमा म्हणून त्यांत वावरतात. कारणे हरवलेले युद्ध अटळ वाटू लागते आणि अटळ वाटणाऱ्या गोष्टीला कोणी जाब विचारत नाही. अशी पुस्तके आवडीने वाचणारा विद्यार्थी वर्गात आल्यास त्याला हसण्यापेक्षा ही प्रतिमा कोठून आली, तिच्यातून काय गळले आणि कोणाच्या सोयीने गळले, हे तीन प्रश्न त्याच्यापुढे ठेवणे अधिक फलदायी ठरेल. त्यांची उत्तरे शोधू लागलेला वाचक इतिहासाचा विद्यार्थी होण्याच्या मार्गावर असतो.